डावा दिवा

१

ब्रेकचा दिवा तपासायला दोन माणसं लागतात. एकानं पुढं बसून पाय दाबायचा, दुसऱ्यानं मागं उभं राहून ओरडायचं. पाय माझा होता, ओरडणं दादाचं.

"दाब!"

दाबला.

"उजवा लागला. डावा ढिम्म. सोड!"

सोडला.

"गेला. पुन्हा दाब!"

सकाळपासून हेच चाललं होतं. माझ्या शेजारच्या सीटवर भिंगरी मामाची नक्कल करत होती. "लाग्गा! गेय्या!" भिंगरी माझी मुलगी, अडीच वर्षांची. थोडंच बोलते, आणि जे बोलते त्यातलं निम्मं गिळते.

"शाळेत पोरांना वीज शिकवायचीस ना?" दादा मागून ओरडला. "मग लाव की दिवा!"

"मी खडूनं शिकवायचे. फळ्यावरचा दिवा कधी बंद पडला नाही."

हसण्यावारी नेत होतो, पण हसण्यासारखं काही नव्हतं. ही नुसती गाडी नव्हती. मागं पलंग, मध्ये ओटा आणि सिंक, पुढं स्टिअरिंग असलेलं ते आमचं घर होतं. नवऱ्याला लांबच्या एका बांधकामावर काम मिळालं होतं. तिथं कुटुंबाला खोल्या नाहीत. गाडी उभी करायला जागा आणि नळाचं पाणी तेवढं मिळतं. तो पुढं गेला. आमच्या भाड्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या, नवे भाडेकरू परवा येणार. आणि ही जुनी मोटरहोम पासिंगला नेली तर डाव्या ब्रेकच्या दिव्यावरून नापास होऊन परत आली. उद्या शेवटची संधी. उद्याही दिवा लागला नाही तर गाडी तपासणी केंद्राच्या आवारात अडकणार आणि मी पोरीला घेऊन फुटपाथवर.

भिंगरीनं दूध सांडलं. ते पायाखालच्या मॅटवरून वाहत आलं तसे मी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले.

"लागला!" दादा ओरडला. "डावा लागला! वा! काय केलंस?"

मी माझ्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय सीटवर होते.

"दादा, मी दाबलेलाच नाहीये."

मागं त्यानं दिव्याच्या काचेवर दोन टिचक्या मारल्या. मग तो म्हणाला, "गेला. कनेक्शन ढिलं असणार. ऊन लागलं की तार पसरते."

उष्णतेनं धातू प्रसरण पावतात. सहावीचा धडा. मला बरं वाटलं. शास्त्रानं मला नेहमीच बरं वाटतं, ते त्या जागी लागू पडो न पडो.

२

तारा मागच्या पलंगाच्या उशाशी, प्लायवूडच्या फळीआड होत्या. त्याच पलंगावर गेला महिनाभर मी आणि भिंगरी झोपत होतो. तिला गाडीची सवय व्हावी म्हणून, आणि दुसरं म्हणजे तिचं अंगावरचं दूध तोडायचं होतं. सगळे म्हणत होते, घोडी झाली, आता पुरे. पहिले काही दिवस तिनं रडून आकाशपाताळ एक केलं. मग भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. मग एक दिवस रडायचीच थांबली. शहाणी गं माझी, असं मला वाटलं होतं.

गादी ओढली आणि वास आला. दुधाची बाटली कपाटामागं पडावी आणि महिन्यानं सापडावी, तसा आंबूस. त्याखाली आणखी एक वास होता, न धुतलेल्या डोक्याचा.

आई झाल्यावर किळस जाते म्हणतात. खोटं आहे. आपल्या लेकराची जाते, बाकी जगाची दुप्पट होते. भिंगरीची ओकारी मी ओंजळीत झेललेली आहे. पण दुसऱ्याच्या पोराचं नाक वाहताना दिसलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली होती. खालच्या कोपऱ्यात बोटभर फट होती, तिच्या कडा काळ्या, तुळतुळीत. जिन्याचा कठडा होतो ना हातांनी, तशा. दादानं स्क्रू काढले आणि फळी बाजूला केली.

"ईऽऽ," तो म्हणाला. चाळीशीचा माणूस, पण तेवढंच म्हणाला.

तार मध्येच तुटली होती. दोन्ही टोकांचं प्लॅस्टिक कुरतडून गेलेलं, आतलं तांबं चाटून घासल्यासारखं लख्ख. आणि दोन टोकांच्या मध्ये, त्यांना धरून, एक बोळा होता. न्हाणीघराच्या जाळीतून केसांचा निघतो तसा, पण ओला आणि मुठीएवढा. केसांत नासलेल्या दुधाच्या गुठळ्या, चघळलेल्या बिस्किटाचा लगदा, आणि त्या लगद्यात चंद्रकोरीसारखी बारीक बारीक नखं.

माझ्या तोंडात पाणी सुटलं, ओकायच्या आधी सुटतं ते.

"उंदीर," दादा म्हणाला. "कलाकार दिसतोय."

"एवढे केस त्याला कुठून मिळाले?"

"तुझे. आरशात बघ, टक्कल पडत चाललंय."

केस माझे नव्हते. बारीक, तांबूस, मऊ होते. भिंगरीचे होते. उंदीर उशीवरचे केस गोळा करतात, नखंही नेत असतील, मी स्वतःला समजावलं. कापलेली नखं मी नीट टाकत नाही, हे खरंच होतं.

दादानं पक्कड लावून बोळा ओढला. तो सुटेना. ताणला गेला, चिकट लाळ लोंबली, आणि शेवटी चप् असा आवाज होऊन निघाला. तो आवाज मला ओळखीचा होता. पीत असलेलं मूल मध्येच ओढलं की होतो तो.

दारात खेळणारी भिंगरी किंचाळली. दोन्ही हात कानामागं दाबून धरले आणि श्वास कोंडेपर्यंत रडली.

"घाबरली," दादा म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

बोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली, वर आणखी एक पिशवी, आणखी एक गाठ. फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून मी कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले.

३

दादानं नवी लाल तार टाकली. टोकं पिळली, वरून टेप गुंडाळली. मी मागचा होल्डर घासला, नवा बल्ब बसवला. टेस्टर लावला तर वीज होल्डरपर्यंत येत होती. बल्ब बॅटरीवर लावून पाहिला तर लागत होता. परिपथ पूर्ण झाला की दिवा लागतो, हे मी इतक्या मुलांना शिकवलं आहे.

डावा लागला नाही.

"हे शक्य नाही," दादा म्हणाला.

"तेच त्या दिव्याला सांग."

त्याची दुपारपाळी होती. जाताना त्यानं भिंगरीच्या गालाचा पापा घेतला, मला म्हणाला, "गॅरेजवाल्याला फोन कर, माझ्या अकलेची हद्द झाली." गॅरेजवाल्यानं फोनवर सगळं ऐकलं आणि म्हणाला, "ताई, सगळं वायरिंगच बदलावं लागेल. पुढच्या आठवड्यात आणा." पुढच्या आठवड्यात आणायला माझ्याकडे गाडी असायला हवी होती.

एकट्यानं ब्रेकचा दिवा तपासायची एक युक्ती आहे. मॉपचा दांडा घ्यायचा, एक टोक ब्रेकवर, दुसरं सीटला अडकवायचं आणि पळत मागं जाऊन बघायचं. मी बघितलं. उजवा लाल, डावा काळा. परत आले, दांडा काढला आणि चिडून सीटवर बसले. शेजारी भिंगरी बिस्किट चघळत होती. मी उगाचच, नुसत्या रागानं, पाय दाबला.

"लागला," मागून आवाज आला.

मी पाय उचलला.

"गेला."

"दादा?" मी म्हणाले. "काही विसरलास का?"

आरशात आवार दिसत होतं. रिकामं. शेजारची पोरं असतील, मी म्हटलं. पोरं ऐकून ऐकून शिकतात. फक्त आवाज आवारातून आला नव्हता, गाडीच्या आतून आला होता. ओला, जड आवाज, तोंडात काही धरून बोलल्यासारखा. पण उच्चार स्पष्ट. भिंगरी "लाग्गा" म्हणते. आणि भिंगरीचं तोंड त्या क्षणी बिस्किटानं भरलेलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर.

तिनं तो लगदा तोंडातून काढला. सीटवरून घसरून उतरली, ओट्याच्या कडेनं मागं गेली, पलंगावर चढली. फळी आम्ही परत बसवली होती, पण कोपऱ्यातली फट होतीच. भिंगरीनं लगदा त्या फटीत सारला. चाचपडली नाही, सवयीच्या बोटानं सारला. मग आडवी झाली, मान वळवून कानामागचा भाग फटीला टेकवला आणि निमूट पडून राहिली. मी वेणी घालताना राहते तशी.

मी तिच्यापर्यंत कशी पोचले आठवत नाही. तिला उचलली, केस बाजूला केले. कानामागं नाण्याएवढी जागा उघडी होती, लालसर, ओली. सकाळी तिचे केस मीच विंचरले होते. सकाळी ती जागा नव्हती.

४

भिंगरीला कडेवर घेऊन मी आधी कचऱ्याचा डबा उघडला. पिशव्या होत्या. दोन्ही गाठी तशाच. वरून दाबून पाहिलं, आतलं वाळून हलकं झालं होतं, गवतासारखं. म्हणजे तो परत आलेला नव्हता.

मग फळी उघडली. दादाची लाल तार कुरतडलेली होती आणि दोन टोकांच्या मध्ये दुसरा बोळा होता. सकाळच्याहून लहान, ताजा, अजून पातळसा. सकाळी नव्हता, दुपारी होता. आणि तो कशातून झाला ते माझ्या कडेवर अंगठा चोखत होतं.

मी पक्कड हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. फळ्यावर गणित मांडावं तसं सगळं समोर दिसत होतं. ओढून काढला तर पुन्हा होईल. पुन्हा व्हायला पुन्हा केस लागतील, नखं लागतील. नखं संपली की काय लागेल, ती ओळ मी पुसून टाकली.

भिंगरीला पुढच्या सीटवर बांधलं. तिनं पट्टा ओढून कांगावा केला. मॉपचा दांडा ब्रेकवर अडकवला आणि मागं येऊन खिडकीतून पाहिलं. गाडीमागं कुंपणाची पांढरी भिंत आहे, सावलीत असते. भिंतीवर उजवीकडे लाल ठिपका होता. डावीकडेही होता, पण फिकट, पाणी घातलेल्या सरबतासारखा. म्हणजे नवी तार, नवा बल्ब, सगळं धुडकावून दिवा लागत होता तो याच्यामुळं.

बोळा एका टोकावरून घसरत होता. तो नीट बसवावा म्हणून, फक्त म्हणून, मी बोट पुढं केलं. हातमोजे नव्हते. ओकारी दाताआड धरली आणि बोटानं तो ढकलला.

त्यानं बोट धरलं.

चावलं नाही. धरलं आणि ओढायला लागलं, हिरड्यांनी, तालात. ऊबदार होतं आत. मला भयंकर किळस आली, पाठीतून पोटात उतरणारी. मी हात ओढायला गेले आणि त्याच वेळी माझा शर्ट ओला झाला. महिनाभर आटलेलं दूध दोन्हीकडून आलं, झरझर, मला न विचारता.

खिडकीतून भिंतीवर डावा ठिपका उजव्याइतका लाल झालेला दिसत होता.

बोट सुटलं तेव्हा टोक पांढरं, सुरकुतलेलं होतं, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखं. नख मुळापर्यंत गेलं होतं. मी सिंकमध्ये ओकले. मग फळी लावली. खालचे दोन स्क्रू ढिले ठेवले. का ठेवले, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

नवऱ्याचा फोन आला. "लागला का दिवा?"

"लागला."

"दादानं केला?"

"आम्ही मिळून."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"गाडीत वास आहे."

"खिडक्या उघड मग," तो म्हणाला. "मोठी शास्त्राची बाई तू."

५

त्या रात्री आम्ही रिकाम्या खोलीत जमिनीवर झोपलो. भिंगरी दाराकडे बघत रडली. सकाळी मी तिच्या डोक्याला घट्ट रुमाल बांधला आणि पासिंगला निघाले.

तपासनीस साहेबांना सर्दी झाली होती. देव आहे, असं मला त्या वेळी वाटलं. नाकावर रुमाल धरून त्यांनी टायर बघितले, हॉर्न ऐकला आणि मागं जाऊन उभे राहिले.

"ताई, ब्रेक!"

दाबला.

"उजवा ठीक. डावा मरतुकडा आहे. जोरात दाबा."

"जोरात दाबून दिवा मोठा होत नाही, साहेब."

"हे तुम्ही मला शिकवता?" ते खिडकीशी आले.

"शाळेत शिकवायचे. तोंडातून गेलं."

"मग कनेक्शन कच्चं आहे, हेही कळत असेल. दोन्ही दिवे सारखे हवेत. मागच्या वेळेलाही हेच होतं ना?" ते शिंकले. "मी काही करू शकत नाही. गाडी आत लावा, सामान उतरवून घ्या."

मागच्या रांगेतला ट्रक हॉर्न वाजवायला लागला. शेजारी खट् असा आवाज झाला. भिंगरीनं पट्ट्याचं बटण दाबलं होतं. पट्टा काढायला ती कधी शिकली, मला माहीत नव्हतं. तिनं डोक्यावरचा रुमाल ओढून टाकला, कानाजवळची एक बट मुठीत घट्ट धरली आणि सीटवरून उतरायला लागली. चेहरा शांत होता, मोठ्या माणसासारखा. काम करायला निघाल्यासारखा.

"थांब," मी म्हणाले. "तू बस. आई जाते."

तिला परत बांधलं, हातात बिस्किट दिलं.

"साहेब, एक मिनिट द्या. बाळाला पाजायचंय."

त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. ती खिडकीशी बसून कुडूम कुडूम बिस्किट खात होती. त्यांना काही कळलं नसावं, पण असल्या बाबतीत पुरुष काही विचारत नाहीत. "पाजा, पाजा," असं पुटपुटत त्यांनी पाठ केली आणि ट्रकवाल्याला हातानं थांबवलं.

मी दांडा ब्रेकवर अडकवला. मागं गेले, पडदा ओढला, पलंगावर गुडघे टेकले. ढिले स्क्रू हातानंच निघाले. फळी थोडी बाजूला केली, पूर्ण नाही. पूर्ण करायची गरज नव्हती आणि हिंमतही नव्हती.

आत अंधार होता आणि दिव्याच्या मागच्या बाजूनं झिरपणारी लाली. रात्रीत ते वाढलं होतं. डोळे मला दिसले नाहीत. असले तर बंद होते. मला दिसलं ते एवढंच: तळहातात मावेल एवढं डोकं, त्यावर भिंगरीचे तांबूस केस, आता गुंता नव्हे, नीट भोवऱ्यात उगवलेले. आणि मधोमध टाळू. अजून न भरलेली, मऊ. वर खाली, वर खाली होत होती.

वास तोच होता. नासलेलं दूध, न धुतलेलं डोकं. माझ्या घशात आंबट आलं. मी डोळे मिटले, शर्टाची बटणं काढली आणि फळीला टेकले.

बाहेरून एक मोठी शिंक ऐकू आली, आणि मग साहेबांचा आवाज, एकदम मोकळा:

"लागला! ताई, लागला! आता कसा झकास!"

६

काचेला पासिंगचा कागद चिकटवून आम्ही दुपारी हमरस्त्याला लागलो. नवऱ्याला कळवलं. तो फोनवरच नाचला असावा, मागं कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. दादाला कळवलं. तो म्हणाला, "बघ, माझीच तार." मी "हो" म्हटलं.

रस्ता चांगला होता. भिंगरी शेजारी बिस्किट खात होती. निम्मं झालं, संपत आलं, मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिले. तिनं शेवटचा तुकडा तोंडात टाकला, चावला आणि गिळला. कितीतरी दिवसांनी तिनं अख्खं बिस्किट स्वतः खाल्लं होतं. हात चाटून झाल्यावर तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढं सिग्नल होता. मी ब्रेक दाबला.

"लागला," मागून आवाज आला.

भिंगरी खिडकीबाहेर बघत होती. तिला आता त्याचं काही नव्हतं.

मी थांबून राहिले. पोटात ढवळेल, घशाशी आंबट येईल, म्हणून वाट पाहिली. वास येतच होता, खिडक्या उघड्या असूनही. मी तो मुद्दाम ओढून घेतला, खोल. नासलेलं दूध. न धुतलेलं डोकं.

काहीच ढवळलं नाही. आज ऊन आहे, पाणी तापवून त्याचं डोकं धुवायला हवं, एवढंच मनात आलं.

सिग्नल हिरवा झाला. माझा शर्ट ओला झाला होता.